गर्डरला बांधलेला झोका

नाना एखाद्या गोष्टीला चटकन हो म्हणाले की मी सावध व्हायची. नाना म्हणजे आमच्या गावचे सरपंच. माझ्या वडिलांचे लांबच्या नात्यातले भाऊ, पण सगळं गावच त्यांना नाना म्हणायचं. नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येतं. नाना नाही म्हणायचेच नाहीत. हो, हो, शे ना, म्हणजे आहे ना, करूत ना, असं म्हणत समोरच्याला ओट्यापर्यंत पोचवायला यायचे. काम व्हायचं ते त्यांना हवं तसंच.

गावात शिक्षण आणि करमणुकीचं केंद्र बांधायचं ठरलं, तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्यात देवपूरच्या कॉलेजातून बी.ए. होऊन नुकती परत आले होते. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचं फाटक कुणी पाहिलं नव्हतं. वडिलांना, म्हणजे आबांना, सही यायची नाही, आईला घड्याळ कळायचं नाही. तरी त्यांनी मला शिकवलं आणि मी शिकले. त्यात लाजायचं काही नाही आणि उगाच नम्रपणाही दाखवायचं कारण नाही. संध्याकाळी शाळेच्या पडवीत मी प्रौढांचा वर्ग घ्यायची. गावातल्या बायका मला बाई म्हणायच्या. पुरुषही बाईच म्हणायचे, पण त्यांच्या बाई म्हणण्यात थोडं हसू असायचं.

केंद्राची पहिली बैठक शाळेत झाली. एक लांब हॉल, वर पत्रे, पुढे पडवी, असा बेत होता. सकाळी वर्तमानपत्र, संध्याकाळी पोरांना कॅरम, जमलं तर टीव्ही. हे सगळं पुरुषांनी पुरुषांना सांगितलं. बायकांपैकी मी एकटीच गेले होते. मी उभी राहिले आणि म्हटलं, "दुपारी हॉल मुलींना अभ्यासाला मिळाला पाहिजे. रोज. कुणी मध्ये यायचं नाही."

"शे ना," नाना म्हणाले. "बठ्ठा गावनं शे ते. दुपार पोरीसनी. लिखी ठेवा रे."

एवढंच. सगळ्या गावाचं आहे, दुपार मुलींची, लिहून ठेवा. मी खाली बसले, पण माझं मन काही बसलं नाही.

दुपारचं मी उगाच मागितलं नव्हतं. माझी एक चुलत बहीण होती, तिला घरात सगळे धाकटी म्हणत. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा दूर, एसटी कधी यायची, कधी यायची नाही. सातवी झाली आणि काकांनी तिला घरी बसवलं. बाहेरून दहावीला बसवू, मी शिकवते, असं म्हणत मी त्यांच्या मागे लागले. काका एकदाचे तयार झाले, पण अट घालून. पुढच्या मार्चमध्ये पास झाली तर ठीक, नाही तर स्थळ बघायचं. आणि त्यांच्या घरात अभ्यास कुठे करणार? एका खोलीत छतापर्यंत कापूस, दुसरीत पाहुणे. धाकटीने पुस्तक उघडलं की कुणाला तरी पाणी हवं असायचं. वही घेऊन ती गोठ्यात बसायची, तर म्हैस वहीला जीभ लावायची. तेव्हा हॉलची दुपार म्हणजे तिची दहावी होती. नानांचं हो खरं निघालं तर ती सुटणार होती, खोटं निघालं तर लग्न लागणार होतं.

बांधकाम घरटी पाळीने चालायचं. ज्या घराची पाळी, त्या घरातल्या माणसाने दिवसभर राबायचं. माणूस म्हणून यायच्या बायकाच. नदीतून वाळूच्या पाट्या त्यांनी आणल्या, भिंतींवर पाणी त्यांनी मारलं. पुरुष गाडीबैलाने दगड आणून टाकायचे आणि मग भिंत सरळ येते की वाकडी, यावर वाद घालत बसायचे. मी रोज जायची. पाट्या उचलायला जायची, तशी नजर ठेवायलाही जायची.

भिंती कमरेएवढ्या आल्या तेव्हा पाहिलं तर आतल्या बाजूने भिंतीला लागून चौफेर ओटा काढलेला. मी गवंड्याला विचारलं, "हा कशाला?"

"नाना सांगी ग्यात."

मी नानांकडे गेले. म्हटलं, "वाचायला टेबलं लागतात. ओटा कशाला?"

"टेबलंसले लाकूड कोठून आनशी? पाठ टेकाले बरं पडस."

पाठ टेकून, एक गुडघा वर घेऊन माणूस पुस्तक वाचत नाही. पत्ते खेळणारे तसे बसतात. पुढे खिडक्या काढल्या त्या हात पोचणार नाही एवढ्या उंच. त्याचं कारण विचारलं तर नाना म्हणाले, "खालून वारा उना तं पेपर उडतीन."

"पेपर की पत्ते, नाना?"

कामावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सगळ्यांत मोठ्याने नानाच हसले. माझी शंका आणखी वाढली.

बाहेरच्या वाचकाला इथे आखाजीबद्दल सांगायला हवं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात दिवाळीपेक्षा हा सण मोठा. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, गौराई बसवतात, लिंबाच्या, म्हणजे कडुलिंबाच्या झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्या दिवसांत लेकीला कुणी काम सांगत नाही, बोलत नाही, अडवत नाही. आणि पुरुष पत्ते खेळतात. पैसे लावून, उघड्यावर, भर दुपारी. वर्षभर पत्त्याला हात न लावणारा माळकरीसुद्धा आखाजीला डावावर बसतो. सणाचा डाव कुणी मोडायचा नाही, अशी रीतच आहे. भीती होती ती सणानंतरची. शेजारच्या गावात सोसायटीच्या गोडाऊनच्या पडवीत एकदा सणापुरता डाव बसला तो पुन्हा उठलाच नाही. खताच्या पोत्यांना टेकून बारा महिने पत्ते. बायकांनी त्या बाजूने जायचं सोडलं.

आमच्या हॉलवर पत्रे चढले ते आखाजीच्या तोंडावर. दार अजून बसलं नव्हतं. हॉलच्या जागेला लागूनच मोठा लिंब होता, पिढ्यान्‌पिढ्या गावातल्या लेकींचे झोके तिथे असायचे. एका सकाळी गेले तर झोक्याची आडवी फांदी खाली पडलेली.

"कुणी तोडली?"

"पत्रासनी ट्रॉली अडकत व्हती," कुणीतरी सांगितलं. नानांनी तोडायला लावली म्हणे.

ट्रॉली दुसऱ्या बाजूनेही आली असती. ती बाजू मोकळी होती, मी स्वतः चालून पाहिली. आता झोका नाही म्हणजे सणाला बायका इकडे येणार नाहीत. बायका नाहीत म्हणजे हॉल पुरुषांना मोकळा. नानांनी हे सगळं ठरवून केलं, असं मी तेव्हा छातीठोक सांगत होते. ट्रॉली खरंच अडकली असेल, असं आई म्हणायची. आईला सगळीच माणसं चांगली वाटायची.

सणाच्या आदल्या दिवशी हॉलवरून जाताना पाहिलं, चार पोरं आत सतरंजी झटकत होती. मला पाहताच एक जण ओरडला, "बाई उनी रे, पत्ता लपाडा!" आणि सगळे हसले.

"इथे खेळायचं नाही," मी म्हटलं.

"सणपुरतं, बाई. लिंबनी सावली ऱ्हायनी नही, आम्ही कोठे बठूत?"

म्हणजे फांदीचा उपयोग असा होता. तशीच मी नानांच्या घरी गेले. ते ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मी सगळं सांगितलं. एकदा डाव बसला की उठणार नाही, शेजारच्या गावात काय झालं, धाकटीचं काय होईल. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"हो, हो. मी सांगस त्यासले," ते म्हणाले.

घरी येऊन मी धाकटीला म्हटलं, "आता काही खरं नाही."

नानांची थोरली बहीण त्याच संध्याकाळी एसटीने आली. सगळ्यांची अक्का. पाचोऱ्याकडे दिलेली, नातवंडं झालेली, तरी आखाजी चुकवायची नाही. नानांना तिनेच कडेवर खेळवलेलं, त्यामुळे गावात त्यांना अरे म्हणणारी तीच एक उरली होती. मला अक्काचाही भरवसा वाटत नव्हता. कितीही झालं तरी त्यांचीच बहीण.

सणाच्या दिवशी सकाळी लिंबाजवळ आरडाओरडा ऐकू आला. अक्का तुटलेल्या फांदीच्या खुंटाखाली उभी. खांद्यावर जाड दोर, मागे पाट घेतलेल्या दोघीतिघी सुना-लेकी, आणि हळूहळू जमणारं निम्मं गाव. नानांना घरून बोलावून आणलं होतं.

"मन्हा झोका कोठे शे?" अक्का विचारत होती. "फांदी कोनी तोडी?"

"ट्रॉली अडकत व्हती, अक्का."

"उद्या तुन्ही मान अडकनी तं ती बी तोडशी का?"

लोक हसले. नानांनी हसून घेतलं. "दुसरा लिंब शे ना नदीवर. तठे बांध."

"नदीवर? मन्ही माय आठे झुलनी, मी आठे झुलनू. मी कसाले जाऊ नदीवर?"

तिने इकडे-तिकडे पाहिलं. मग तिची नजर हॉलच्या उघड्या दारातून आत गेली. पत्र्याखाली मधोमध लोखंडी गर्डर आडवा होता. तिने दोर खांद्यावरून काढला आणि सरळ आत चालू लागली.

आत डाव बसायच्या तयारीत होता. सतरंजी अंथरलेली, पत्ते पिसत होते, ओट्यावर पाठ टेकून ज्येष्ठ मंडळी. अक्का सतरंजीवरूनच गेली, चपला घालून.

"अक्का, अवं, आम्ही बठेल शेत!"

"मंग उठा. मारुतीना पार शे ना. त्यानं काय घोडं मारं तुम्हनं?"

"तठे ऊन लागस."

"आखाजीले ऊन नही लागी तं काय थंडी वाजी?"

एका सुनेने ओट्यावर पाय देऊन गर्डरवरून दोर टाकला. खालून अक्काने तो ओढला आणि गाठ मारली. मोठी, आडवी-तिडवी, तिच्या हाताची गाठ. पाट ठेवला आणि त्या वयात ती स्वतः पहिली बसली. दोघींनी ढकललं. झोका हॉलच्या मधून जाऊ-येऊ लागला, आणि पत्तेवाल्यांना एकेक करून पाय आखडून घ्यावे लागले. एक म्हातारबा तर म्हणाला, "भो, हाई तं डोकं फोडी आपलं." त्याने आपले पत्ते खिशात घातले. आखाजीला माहेरवाशिणीला बोलायचं नाही, ही रीत त्यांना माहीत होतीच. सतरंजी गुंडाळली गेली. पोरं पाराकडे निघाली, जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुम्हीच शिकाडं ना अक्काले?"

मी शिकवलं नव्हतं. उलट मीच अक्काला बाजूला घेऊन विचारलं, "नानांनी तर नाही ना पाठवलं तुम्हाला?" कारण मला वाटत होतं, आज झोका बांधू देतील आणि उद्या बायकांचा सण झाला, आता आमचा, म्हणून हक्काने बसतील.

अक्काने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माले कोन धाडी? येडी का तू? झोका शे तो मन्हा."

दिवसभर हॉलमध्ये गाणी चालली. तापलेल्या पत्र्याखाली घामाच्या धारा, पण एकही बाई बाहेर गेली नाही. दुसऱ्या दिवशी गौराई विसर्जनाला नदीवर गेली, आणि त्यानंतरच्या सकाळी अक्का पाचोऱ्याच्या एसटीत बसून निघून गेली. झोका तसाच.

आमच्या गावची रीत अशी की जिने झोका बांधला तिनेच सोडायचा. पुरुषाने तर हातही लावायचा नाही. लावला तर त्याच्या घरची लेक माहेराला मुकते, असं मानायचे. आणि गावात असा कोण होता ज्याला लेक नव्हती? जो तो दुसऱ्याला म्हणायचा, तू सोड. कुणीच सोडीना. गौराईचा झोका वर असेपर्यंत त्याच्याखाली डाव टाकायला कुणी धजेना. मी काय केलं, त्याच दुपारी धाकटीला पुस्तकं देऊन हॉलमध्ये बसवलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. भूगोल पाठ करता करता एक जण पाटावर बसून हळूहळू झुलायची. मी चालवून घेतलं.

पोरं पारावर उन्हात बसून कंटाळली. एका दुपारी नाना हॉलवर आले. मागे पाच-सहा जण, त्यांत धाकटीचे वडीलही. मुलींनी वह्या मिटल्या. नाना झोक्यापासून हातभर लांब उभे राहिले आणि माझ्याशी गोड आवाजात बोलू लागले.

"बाई, सण सरना. आते हाऊ झोका सोडी दे."

"अक्काने बांधलाय. तिला सोडू दे."

"अक्का दिवाईले यी. तवलोंग काय? तू तं शिकेल शे. वर्गमा तूच सांगस ना, असल्या गोठी मानू नका, नजर लागत नही, बाधा व्हत नही. मंग? तुले तं काही भेव नही. तू सोड."

 ते खोटं बोलत नव्हते. वर्गात मी असंच सांगायची, अगदी टेबलावर हात आपटून. आणि मला खरंच त्या गाठीची भीती नव्हती. मागे उभे असलेले लोक माझ्याकडे बघत होते. त्यांतले काही माझ्याच वर्गाला येणारे. मी सोडला तर झोका गेला आणि हॉल गेला. नाही सोडला तर बी.ए. झालेली बाई दोराला भिते, हे संध्याकाळपर्यंत घराघरांत गेलं असतं. नानांनी नेमकी ती जागा शोधली होती. एवढी वर्षं मी त्यांच्या हो मध्ये काय दडलंय ते शोधत होते, आणि ते माझ्यात काय आहे ते केव्हाच ओळखून बसले होते.

धाकटी पुस्तकाकडे बघत होती, पण पान उलटत नव्हती.

"मी नाही सोडणार," मी म्हटलं.

"कसाले? तू मानस का हाई?"

"मानते, नाना."

"बी.ए. व्हयीसन?"

"हो. बी.ए. होऊन मानते."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. "घ्या! आते शिका बाईजोडे!" दुसरा म्हणाला.  वाटलं, सांगावं यांना, की मी मानत नाही, कशालाच मानत नाही, तुमच्यापेक्षा तर नाहीच नाही. त्याऐवजी मुलींना वह्या उघडायला सांगितल्या.  नानांनी झोक्याकडे पाहिलं आणि "बरं. ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि वळले. त्यांच्या मागे सगळे गेले. काका मात्र दारात थांबले. धाकटीला म्हणाले, "दुपारले घर पानी मांगाले कोनी येवाव नही. तू आठेच बठ." म्हणजे दुपारी तिला घरकामाला कुणी बोलावणार नव्हतं. आणि तेही गेले.

त्या आठवड्यात माझ्या वर्गाची संख्या घटली. काही जण येऊन विचारायचे, बाई, मांजर आडवं गेलं तर मानायचं का, तुम्ही सांगा. मी फळ्यावर अक्षरं काढत राहायची. हे दिवस मला जड गेले, खोटं सांगत नाही. आबांनी एकदा विचारलं, "तू खरंच मानस?" मी त्यांच्यावरही चिडले.

अक्का दिवाळीला आली तेव्हा मी तिला गाठून सांगितलं, झोका सोडू नका. ती म्हणाली, "मी कोठे सोडस? आखाजीले परत बांधाना कटाया." कंटाळा म्हणता म्हणता झिजलेल्या दोराच्या जागी नवा दोर लावून ती गेली. दार बसलं, पडवी झाली, संध्याकाळी पोरं झोका चुकवून एका बाजूला कॅरम खेळू लागली. पत्ते पारावरच राहिले. दुपार मुलींची झाली ती अशी, लिहून ठेवलेल्या ठरावामुळे नाही. तो ठराव मी नंतर कधी पाहिलाही नाही.

मार्चमध्ये धाकटीची परीक्षा झाली. गणिताचा पेपर देऊन आली ती तडक गोठ्यात जाऊन बसली. जूनमध्ये निकाल लागला. पास. गणितात काठावर, पण पास. काकांनी पेढे आणायला मला धुळ्याला पाठवलं नाही, स्वतः गेले. ते परत आले तेव्हा ओट्यावर नाना बसलेले होते. दोघांनी बराच वेळ काहीतरी हळू आवाजात बोलून घेतलं. मग काकांनी मला हाक मारली.

"हिले अकरावीले घालूत म्हनस," ते म्हणाले. "नाना बी म्हनतंस, घाला. तू हिले लई जा. वसतिगृहनं काय ते दख."

नाना मान हलवत हसत होते. "शे ना. शिकू द्या पोरीले."

मी दोघांच्याही तोंडाकडे पाहिलं. एखादं स्थळ आलं असेल का, ज्याला शिकलेली मुलगी हवी आहे? की मी आणि धाकटी गावाबाहेर गेलो की दुपारी हॉल मोकळा होईल, हा हिशेब? की खरंच, आणि हे मला सगळ्यांत अवघड वाटत होतं, खरंच त्यांना बरं वाटलं असेल?

विचारत बसले नाही. धाकटीची पिशवी त्याच दुपारी भरली. हॉलच्या मुलींना दुसऱ्या दिवसाचा धडा नेमून दिला, उद्या संध्याकाळी परत येते असं दोनदा बजावलं, आणि काकांचा विचार बदलायच्या आत तिला घेऊन धुळ्याच्या एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले.